किती वाजेपर्यंत?

आमच्या घरात आईचा एक नियम होता. घराबाहेर पडणाऱ्याने तीन गोष्टी सांगून जायचे : कुठे, कशासाठी आणि किती वाजेपर्यंत. पहिल्या दोन गोष्टींत थोडीफार सवलत मिळे, तिसरीत मुळीच नाही. वडील कारखान्यात होते. ओव्हरटाइम असला की सकाळी डबा उचलताना ते दारातूनच सांगत, ‘‘आज साडेदहा होतील.’’ त्या दिवशी त्यांची नेहमीची साडेसहाची वेळ टळून जाई, आठ वाजत, नऊ वाजत आणि आई निवांतपणे भाजी निवडत बसलेली असे. शेजारच्या काकू डोकावून विचारीत, ‘‘अजून आले नाहीत का हो?’’ आई म्हणे, ‘‘साडेदहा सांगितलेत.’’ साडेदहा वाजले की मात्र ती हातातले काम टाकून गॅलरीत जाऊन उभी राही आणि पावणेअकराला माझ्या थोरल्या भावाला चपला घालायला सांगे. घरी फोन नव्हता. काळजी केव्हा करायची नाही आणि केव्हा करायची, एवढे तिला नेमके ठाऊक असे.

गेली बावीस वर्षे मी जो व्यवसाय करतो तो याच नियमावर चालतो, हे मला फार उशिरा कळले आणि कळले तेही एका चुकीतून. चूक माझीच होती. तिची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे. पण आधी माझे काम काय ते सांगायला हवे. कारण आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना मी संगणक दुरुस्त करतो असे वाटते आणि उरलेल्या निम्म्यांना मी काहीच करत नाही असे वाटते.

न झोपणारा पहारेकरी

मी एका रुग्णालयाच्या संगणकांचे जाळे, म्हणजे नेटवर्क, सांभाळतो. केसपेपरच्या खिडकीवरचे संगणक, प्रयोगशाळेतली यंत्रे, एक्स-रेची चित्रे साठवणारा सर्व्हर, मजल्यामजल्यावर भिंतीतल्या पेट्यांमध्ये बसवलेले स्विच, यूपीएस, औषधांच्या फ्रिजमधले तापमान मोजणारे सेन्सर अशी सगळी मिळून चारशेच्या वर उपकरणे आहेत. यांतले एखादे बंद पडले की कुठेतरी कुणाचातरी खोळंबा होतो. चारशे उपकरणांवर माणसाने डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे शक्य नाही. म्हणून हे काम एका प्रोग्रामवर सोपवलेले असते. त्याला आम्ही ‘मॉनिटरिंग’ म्हणतो.

त्याची पद्धत अगदी साधी आहे. तो दर काही मिनिटांनी प्रत्येक उपकरणाला हाक मारतो, ‘आहेस का?’ उपकरण म्हणते, ‘आहे.’ या हाकेला ‘पिंग’ म्हणतात. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने तो छोटासा प्रोग्राम लिहिला. पाण्याखाली सोनार आवाज सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकते, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. पुढे १९८८ मध्ये ‘एसएनएमपी’ नावाची एक ठरीव बोली आली आणि उपकरणाला ‘आहेस का?’ याच्यापुढे जाऊन ‘बरा आहेस का? अंगात किती ताप आहे?’ असेही विचारता येऊ लागले. उत्तर आले नाही, किंवा आकडा मर्यादेबाहेर गेला, की पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल होतो आणि माझ्या उशाशी फोन वाजतो. माझ्याबरोबर माझी पत्नीही जागी होते. तिने या नोकरीविषयी केलेली विधाने रविवारच्या पुरवणीत छापण्याजोगी नाहीत.

हा पहारेकरी प्रामाणिक आहे, पण भाबडा आहे. उपकरण बिघडून बंद पडले की आम्हीच मुद्दाम बंद केले, हे त्याला कळत नाही. आणि मुद्दाम तर वारंवार बंद करावे लागते. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या असतात, जुना स्विच काढून नवा बसवायचा असतो, सर्व्हरवर नवी सुधारणा चढवून तो पुन्हा सुरू करायचा असतो. अशा वेळी एका स्विचमागे असलेली तीस-चाळीस उपकरणे एकदम गप्प होतात आणि पहारेकरी तीस-चाळीस वेळा बोंब ठोकतो. पहिल्या दोन खेपेला माणूस दचकून उठतो. पुढे न बघताच फोन उलटा ठेवायला शिकतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. पण तिच्यात गावकऱ्यांसाठीही एक धडा आहे. ओरडण्याची सवय झाली की खरा लांडगाही त्या सवयीतच येऊन जातो.

गप्प बसण्याची रीत

म्हणून या प्रोग्रामांमध्ये नियोजित बंदची सोय केलेली असते. नागिऑस हा या क्षेत्रातला गाजलेला प्रोग्राम. इथन गालस्टॅडने तो १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने लोकांपुढे आणला. त्यात बंद नोंदवताना कोणते उपकरण, केव्हापासून, केव्हापर्यंत, नोंदवणारा कोण आणि कारण काय, हे सगळे भरावे लागते. कारणाची जागा रिकामी ठेवून चालत नाही. बंदचे दोन प्रकार असतात. पहिला घड्याळाला बांधलेला : रात्री एकला सुरू, पाचला संपला. दुसरा लवचीक : ‘एक ते पाचच्या दरम्यान केव्हातरी हे उपकरण बंद पडेल, पडले की तिथून दोन तास मोज.’ कंत्राटदाराचा माणूस नक्की किती वाजता उगवेल हे ज्यांना सांगता येत नाही, म्हणजे आपण सगळेच, त्यांना दुसरा प्रकार सोयीचा.

आणखी एक निवड करावी लागते आणि ती महत्त्वाची आहे. बंदच्या काळात पहारेकऱ्याने फक्त तोंड मिटायचे, की डोळेही मिटायचे? लॅटव्हियात जन्मलेल्या झॅबिक्समध्ये हे स्पष्ट विचारले जाते : बंदच्या काळात नोंदी घेणे चालू ठेवायचे की तेही थांबवायचे? ओपनएनएमएसमध्ये तर संदेश पाठवणे, उपकरण जिवंत आहे का ते पाहणे, आकडे गोळा करणे आणि मर्यादा तपासणे, या चारही गोष्टी वेगवेगळ्या थांबवता येतात. शिवाय बंद एकदाच आहे, रोजचा आहे, आठवड्याचा की महिन्याचा, हेही ठरवता येते.

मुंबईकर वाचकांना हे सारे ओळखीचे वाटले असेल. लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक दुसरे काय आहे? कोणता मार्ग, कोणत्या स्टेशनापासून कोणत्या स्टेशनापर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे आदल्या दिवशी वर्तमानपत्रात येते. पनवेलची आत्या त्याप्रमाणे आपला बेत बदलते आणि त्या वेळात गाडी आली नाही म्हणून कुणी स्टेशन मास्तरांच्या अंगावर धावून जात नाही. पण हा प्रवाशांचा ब्लॉक झाला. त्याच वेळी रुळांवर काम करणाऱ्या गँगसाठी तो ब्लॉक म्हणजे जीव आहे. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह आहे की नाही आणि समोरून गाडी येणार आहे की नाही, हे त्या ब्लॉकच्या वेळेवर ठरते. तो रीतसर घ्यावा लागतो आणि रीतसर परत द्यावा लागतो. घेण्याइतकेच परत देणे मोलाचे, हे रेल्वेच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. मला मात्र शिकावे लागले.

साडेपाच तासांचे अंतर

शनिवारची रात्र होती. तळमजल्याचा जुना स्विच बदलायचा होता आणि त्याच रात्री यूपीएसच्या बॅटऱ्याही बदलून घ्यायच्या होत्या. मी दुपारीच नोंद करून ठेवली : तळमजल्याचा सगळा गट, रात्री एक ते पहाटे पाच, कारण स्विच व बॅटऱ्या बदलणे. संदेश बंद, नोंदी चालू. घरी सांगितले, ‘‘आज रात्री फोन वाजणार नाही.’’

एक वाजून सात मिनिटांनी आम्ही स्विच काढला आणि फोन वाजला. वाजतच राहिला. चौतीस संदेश आले. मला वाटले, नोंद जतन करायला विसरलो असेन. हातात पेचकस, शेजारी घाईला आलेला कंत्राटदाराचा माणूस. ते निस्तरत बसायला वेळ नव्हता. मी फोनचा आवाज बंद केला आणि कामाला लागलो. सव्वाचारला काम संपले. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे झाले होते. घरी जाऊन झोपलो. फोनचा आवाज पुन्हा सुरू करायचे राहून गेले.

माझी नोंद हरवली नव्हती. महिन्यापूर्वी आम्ही हा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर हलवला होता आणि त्या सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर, लावलेले होते. आपले घड्याळ त्याच्यापुढे साडेपाच तास चालते. मी लिहिलेला रात्रीचा एक त्याच्या हिशेबी आपल्या सकाळच्या साडेसहाला वाजणार होता. म्हणजे गप्प बसायचे तेव्हा पहारेकरी रात्रभर ओरडला आणि सकाळी साडेसहापासून साडेदहापर्यंत माझ्या हुकमाप्रमाणे तोंड मिटून बसला.

सातच्या सुमारास तळमजल्यावरच्या लसीकरणाच्या खोलीतला एमसीबी पडला. त्या खोलीत लशींचा फ्रिज होता. रविवार असल्याने खोलीला कुलूप. लशी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात आणि सोमवारी लहान मुलांची ओपीडी होती. फ्रिजमधला सेन्सर नव्या स्विचवर, नव्या बॅटऱ्यांच्या जोरावर, उत्तम चालत होता. दर पाच मिनिटांनी तो तापमान सांगत होता आणि पहारेकरी ते इमानाने लिहून घेत होता. नंतर मी तो आलेख पाहिला. चारपासून सुरू झालेली रेघ जिना चढावा तशी एकेक पायरी वर जात होती. रुग्णालयातल्या सर्वांत हुशार यंत्राला हे सगळे माहीत होते आणि त्याने ते कुणालाही सांगितले नाही, कारण मी त्याला तसे सांगितले होते.

ते कळले ते एका वहीमुळे. त्या विभागाच्या सिस्टर दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, फ्रिजच्या थर्मामीटरवरचा आकडा वहीत लिहून सही करतात. सुट्टीच्या दिवशीही. सेन्सर बसवला तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, ‘‘आता कशाला वही? सगळं आपोआप होतं.’’ त्या हसल्या होत्या आणि त्यांनी वही चालू ठेवली होती. त्या रविवारी नऊ वाजता त्यांनी कुलूप उघडले. माझा फोन लागेना, म्हणून ऑफिसातून घरचा नंबर घेऊन त्यांनी पत्नीला फोन केला. मी फोन कानाला लावला तर पलीकडून शांत आवाज आला, ‘‘सर, झोपमोड केली तुमची. लशींचा फ्रिज बंद आहे. काटा साडेसातच्या वर आहे. मी सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये हलवायला घेतलंय. तुम्ही जरा येता का?’’

एकही लस वाया गेली नाही. पण त्या साडेदहाला आल्या असत्या तर? रेघेची चढण पाहता काटा आठाच्या बराच पुढे गेला असता. आणि मधल्या वेळात कुणी एमसीबी वर करून दिला असता तर फ्रिज पुन्हा थंड झाला असता आणि सोमवारी खोली उघडणाऱ्याला काहीच वावगे दिसले नसते. उष्णता लागलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच असते. ती टोचून घेणारे मूल रडते आणि आई निर्धास्त होऊन घरी जाते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही, ते या विचाराने.

एका कागदाची किंमत

आमची निभावली. ज्यांची निभावली नाही, त्यांची एक हकीकत माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल व वायू काढणारा प्लॅटफॉर्म होता. ६ जुलै १९८८ रोजी तिथल्या दोन पंपांपैकी एक देखभालीसाठी बंद केला होता. त्याचा सुरक्षा-व्हॉल्व्ह काढून नेला होता आणि ती जागा एक पोलादी चकती लावून तात्पुरती बंद केली होती. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. पाळी बदलली. रात्री दहाच्या आधी दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांना पंपाच्या कामाचा परवाना दिसला; ते काम अजून सुरूच झालेले नव्हते. व्हॉल्व्ह काढल्याचा परवाना वेगळा होता आणि त्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. पंप सुरू करण्यात आला, चकतीच्या जागेतून वायू फुटला आणि स्फोट झाला, असा लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा निष्कर्ष आहे. त्या रात्री १६७ माणसे गेली.

त्या हकीकतीतला दुसरा तपशील मला जास्त अस्वस्थ करतो. आग लागताच आपोआप सुरू होणारे पाण्याचे पंप त्या रात्री हाताने चालवण्याच्या स्थितीत ठेवलेले होते. पाणबुडे समुद्रात उतरलेले असताना पंपाने त्यांना ओढून घेऊ नये, म्हणून तशी पद्धत होती. हेतू माणसे वाचवण्याचाच होता. पण गरज पडली तेव्हा ते पंप सुरू करायला त्यांच्यापर्यंत पोचणे कुणालाही शक्य झाले नाही. चांगल्या कारणासाठी गप्प केलेली गोष्टसुद्धा गप्पच असते.

आता आमच्याकडे

त्या रविवारनंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. सर्व्हरचे घड्याळ काय दाखवते ते नोंद करणाऱ्याला पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसते. बंद सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पहारेकरी खरोखर गप्प झाला आहे का ते बघायचे. तो ओरडत असेल तर हातातला पेचकस खाली ठेवायचा. अख्ख्या मजल्याला गप्प करायचे नाही. ज्याला हात लावणार तेवढ्यालाच, आणि फ्रिजच्या तापमानाला तर कधीच नाही. त्याच्या स्विचवर काम असेल तर त्या वेळेपुरता माणूस बसवायचा. काम लवकर संपले तर बंद तिथेच रद्द करायचा, उशीर होणार असेल तर संपण्याआधी वाढवायचा. आणि ‘तूर्तास बंद’ नावाचे जे एक बटण असते, ज्याला शेवटची वेळच नसते, ते दाबायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. तसल्या बटणाने गप्प केलेली दोन उपकरणे त्या आठवड्यात मला सापडली. एक अकरा महिन्यांपासून मुके होते. कुणी केले, कशासाठी केले, कुणालाच आठवत नव्हते.

एक मोह राहतो, तोही सांगून टाकतो. उपकरणे वर्षातून किती वेळ चालू होती याची टक्केवारी आम्हाला वरिष्ठांना द्यावी लागते. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाकाठी जेमतेम पावणेनऊ तास बंद. नियोजित बंद या हिशेबातून वगळण्याची रीत आहे. त्यामुळे काही बिघडले की मागाहून ‘ते नियोजितच होते’ असे दाखवण्याची इच्छा होते. खिडकीसमोर केसपेपरसाठी ताटकळणाऱ्या माणसाला मात्र आमचा बंद नियोजित होता की अनियोजित, याने काडीचाही फरक पडत नाही. त्याला आदल्या दिवशी कुणी सांगितले होते का, याने पडतो. म्हणून हल्ली आम्ही प्रोग्रामला सांगतो ती प्रत्येक गोष्ट कागदावर लिहून खिडकीवरही चिकटवतो.

सिस्टरांची वही चालू आहे. वर्ष संपले की नवी वही मीच नेऊन देतो.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू जरा कमी येते, पण नियम तोच आहे. परवा माझी मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला निघाली. आजीने विचारायच्या आत तिने दारातूनच सांगितले, ‘‘आजी, साडेनऊपर्यंत येते गं.’’ साडेनऊ वाजले. नऊ बत्तीसला आई काठी टेकत उठली आणि गॅलरीकडे निघाली. मी म्हणालो, ‘‘अगं, दोनच मिनिटं झालीत. तिच्याकडे फोन आहे.’’

‘‘असू दे की,’’ आई म्हणाली. ‘‘तिनं साडेनऊ सांगितलं होतं.’’

मग मीही उठलो आणि गॅलरीत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.